माश्यांनी पसंत केलेली चाकं

टायरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी भाव विचारतं, मग जरा इकडे तिकडे बघतं आणि परत भावच विचारतं. टायरवाल्याला त्याची सवय होती. पण त्या दिवशी आलेल्या बाईंनी भावाचा विषयच काढला नाही. ओळीने उभ्या केलेल्या टायरांपैकी एकाजवळ त्या वाकल्या, त्यावर चार बोटं आपटली, कान जरा पुढे केला आणि विचारलं, "हे रस्त्यावर वाजतं कसं?"

"वाजतं म्हणजे?" टायरवाला म्हणाला. "टायर आहे हो ताई, ढोल नाही."

"ते दिसतंय मला. गाडी पळायला लागली की आवाज किती करतं, ते विचारतेय."

"केबिनमध्ये काही ऐकू येत नाही. काच वर केली की संपलं."

"केबिनमधल्यांचं जाऊ द्या. मागे हौद्यात बसतात त्यांना किती ऐकू येईल?"

टायरवाल्याने त्यांच्यासोबत आलेल्या गृहस्थांकडे पाहिलं, की बाबा, आता तू तरी काही सांग. पण ते गृहस्थ या जगात नव्हतेच. भिंतीवर टांगलेल्या काळ्या कुळकुळीत, लाल पट्ट्याच्या अलॉय चाकांसमोर ते मान वर करून उभे होते, आणि मिठाईच्या दुकानासमोर पोरं उभी राहतात तसं त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं.

ते भाऊजी. टायरवर बोटं आपटणाऱ्या बाईंचे धाकटे दीर. त्या त्यांना भाऊजी म्हणतात म्हणून सगळी गल्ली भाऊजी म्हणते, आणि ते त्यांना वहिनी म्हणतात म्हणून त्या सगळ्या गल्लीच्या वहिनी. पिकअप गाडी वहिनींची. कागदावर नाव त्यांचंच, आणि भाऊजी ते कधी विसरत नसत. कुणी म्हणालं, "काय भाऊजी, गाडी आज धुतली वाटतं," की ते लगेच सांगायचे, "वहिनींची आहे हो. मी आपला चालवतो."

याला कारण होतं. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती. बस कंपनीची, वर्दी कंपनीची, कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं तेही कंपनीने ठरवलेलं. सकाळी डेपोत हजर झालं की आधी चाकांची हवा बघायची, कमी असली तर भरायची, मगच स्टेअरिंगला हात लावायचा. हा नियम त्यांच्या हाडात इतका मुरला होता की निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांच्या सायकलींची हवासुद्धा ते येता-जाता अंगठ्याने दाबून बघत. पण हवा बघणं वेगळं आणि चाक निवडणं वेगळं. कुठलं चाक लावू, असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आता वहिनी म्हणाल्या होत्या, "चला, चाकं बदलायचीत, तुम्हाला त्यातलं कळतं." त्या एका वाक्यावर माणूस आठवडाभर हवेत होता.

हौद्यात बसणारे कोण, हे टायरवाल्याला अजून कळायचं होतं. ते सांगायचं तर वहिनींचीच गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायला मला आवडतं.

वहिनींनी शिवणाच्या मशीनवर संसार केला. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर, आणि मधल्या दाराला पडदा, तोही गिऱ्हाइकाने न नेलेल्या कापडाचा. मशीन चालवता चालवता त्यांचा कान असा तयार झाला की सुई मोडायच्या आधीच त्यांचा पाय थांबायचा. "मोडणारी सुई आधी सांगते," त्या म्हणायच्या. "आपण ऐकत नाही, हा आपला दोष." नवऱ्याला, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाला, मधमाश्यांचा नाद होता. परसात दोन-चार पेट्या ठेवलेल्या, त्यांच्यापुढे नवरा तासन् तास बसलेला. वहिनी त्या काळात पेट्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. मग एक दिवस तो माणूस गेला, आणि भेटायला येणारा जो तो म्हणू लागला, आता या पेट्या कुणाला तरी देऊन टाका.

वहिनींनी जाळीचा एक बुरखा शिवला, स्वतःच्या मापाचा. तो घालून पेटीपाशी गेल्या आणि पहिल्या दिवशी नुसता कान लावून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. कधी माश्या भुकेल्यात, कधी राणी नाहीशी झालीय, कधी उकाड्याने वैतागल्यात, हे आवाजावरून कळतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी डंख इतके खाल्ले की हाताला अंगठी चढेना. भाऊजींनी एकदा दबकत विचारलं, "वहिनी, कशाला हा जीवाला त्रास?" तर म्हणाल्या, "त्यांनी बसायला पाट ठेवला होता तिथे पेटीसमोर. तो मोकळा बघवत नाही." एवढंच. पुढे परसात पेट्या मावेनात, तेव्हा त्यांनी जुनी पिकअप घेतली. जिथे बागा फुलावर येतील तिथे पेट्या न्यायच्या, बाग फळली की बागवाला खूश आणि मध मिळाला की आपण खूश. चालवायला निवृत्त दीर घरचाच होता. लोक म्हणाले, काखेत कळसा.

आणि मग गेल्या मोसमात ते झालं.

पेट्यांची दारं संध्याकाळी जाळीने बंद करतात, माश्या घरी आल्या की. पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत बागेत पोहोचून दारं उघडायची. गाडी धावती आहे तोवर वारा लागतो. उभी राहिली की पेटी आतून तापते. माश्या घाबरून पंख मारतात, त्याने आणखी तापते. त्या दिवशी बागेच्या वाटेवर पाणी सोडलेलं होतं, आणि भरलेली गाडी त्यात रुतली. भाऊजींनी जितका जोर लावला तितकं चाक खाली गेलं. ट्रॅक्टर यायला दुपार झाली. तिथेच दारं उघडून टाकावीत तर दोन्ही अंगाला शेतात बाया-माणसं कामाला वाकलेली. चिडलेल्या माश्या त्यांच्यावर सोडायच्या कशा? वहिनींनी ओल्या चादरी टाकल्या, पाणी शिंपडलं, पेट्यांना मिठी मारून सावली केली म्हणा ना. पण दार एकाही पेटीचं उघडलं नाही. संध्याकाळी अर्ध्या पेट्यांतून मेण वितळून खाली ओघळलेलं होतं, आणि आत आवाज नव्हता.

भाऊजींना कुणी एक शब्द बोललं नाही. तेच त्यांना जड गेलं. घरी येऊन वहिनींनी रिकाम्या पेट्या धुतल्या, उन्हात मांडल्या आणि आठवडाभर मशीनवर बसल्या नाहीत. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते, ती धावत आली. म्हणाली, "आई, पुरे आता. तू माझ्याकडे चल. गाडी विकून टाकू." वहिनी म्हणाल्या, "एक मोसम बघते. या वेळी नीट पोहोचल्या तर पोहोचल्या, नाहीतर तू म्हणशील तसं." मुलगी शब्दाची पक्की, आणि आई तिच्याहून. म्हणजे आता सगळं त्या एका फेरीवर आलं होतं. फेरी बिघडली तर माश्या गेल्या, गाडी गेली, वहिनी मुलीकडे गेल्या. आणि भाऊजी राहिले शेजाऱ्यांच्या सायकली दाबायला.

चाकं बदलायची ठरली ती यासाठी. जुनी चाकं गुळगुळीत झाली होती, त्यांच्यावर हात फिरवला तर बोटाला काही लागत नव्हतं.

"तर हौद्यात माश्या बसतात," वहिनींनी टायरवाल्याला सांगितलं.

टायरवाल्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा रस्त्यावर उभ्या पिकअपकडे पाहिलं. "आत्ता बसल्यात का?"

"आत्ता रिकामी आहे."

त्याने सोडलेला श्वास दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. मग तो धंद्याला लागला. भाऊजींची नजर कुठे आहे ते त्याने मघाशीच ओळखलं होतं. आकड्याने ते काळं चाक खाली उतरवलं आणि त्यांच्या पायाशी ठेवलं. "काका, ही अलॉय बघा. यावर हे खोल नक्षीचं रुंद टायर चढवलं की चिखलबिखल विसरा. गाडी अशी उंच उभी राहील की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल."

भाऊजी खाली बसले. चाकावरून त्यांनी हात फिरवला. टायरच्या नक्षीत त्यांचं बोट पेरभर आत गेलं. "वहिनी," ते म्हणाले, "हे टायर असतं ना गेल्या वर्षी, तर आपण रुतलोच नसतो."

गेल्या वर्षीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. वहिनींनी ते ऐकलं, चाकाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. एवढी मोठी चाकं त्या बारक्या गाडीला म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. "चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "उद्या मी एक पेटी घेऊन येते. माश्यांना विचारू."

टायरवाल्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच वहिनी हजर. जुन्या चादरीत बांधलेली एक पेटी हातात, पेटीच्या दाराला जाळी. पंक्चर काढणारे दोघेही हातातलं काम टाकून कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "आम्ही इथूनच ऐकतो."

बेत साधा होता. एकदा टायर चढवलं आणि रस्त्याला लागलं की दुकानदार ते परत घेत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे. पण दुकानात दिवसभर पिकअपवाले येत-जात असतात, कुणाची चाकं अशी, कुणाची तशी. त्यांच्याच गाडीत पेटी ठेवून एकेक फेरी मारायची. पेटी सावलीत ओल्या चादरीखाली ठेवून वहिनींनी दुकानाबाहेर स्टूल टाकलं आणि आलेल्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "दादा, चौकापर्यंत एक चक्कर मारता का? मी मागे बसते. एक पेटी आहे बरोबर."

"कसली पेटी?"

"माश्यांची. बंद आहे."

काहींनी गाडी तशीच वळवली. हवा भरायला आलेला एक जण तर हवा न भरताच गेला. पण तुम्हाला सांगतो, वहिनींच्या बोलण्यात एक असं काही आहे की नाही म्हणणाऱ्यालाच आपण काहीतरी कमी केल्यासारखं वाटतं. फर्निचर पोहोचवणारा एक जण तयार झाला, मग पाण्याच्या जारवाला, मग सामान हलवणारे दोघे भाऊ. वहिनी हौद्यात उलट्या क्रेटवर बसायच्या, पेटीला कान लावायच्या, भाऊजी पुढे ड्रायव्हरशेजारी. चौकापर्यंत जायचं आणि यायचं. खाली उतरल्या की म्हणायच्या, "याच्यावर कुरकुरतात." किंवा, "याच्यावर ठीक आहेत, पण खड्ड्यात दचकतात." टायरवाला आधी हसत होता. दुपारपर्यंत त्याने स्वतःचं स्टूल आणून वहिनींच्या शेजारी टाकलं होतं.

मग आला एक प्लंबर, आणि त्याच्या गाडीला तीच चाकं. काळी अलॉय, खोल नक्षी, गाडी वीतभर उंच. भाऊजी आपोआप उठून उभे राहिले. प्लंबर भला माणूस, आपल्या चाकांची कुणीतरी वाखाणणी केली म्हणून तो लगेच तयार झाला. वहिनींना हौद्यात चढायला मात्र दोघांचा हात लागला.

डांबरावर गाडीने वेग घेतला आणि चाकं घुमायला लागली. केबिनमध्ये भाऊजींना तो घुमार फार रुबाबदार वाटला. मागे पेटीत आधी सगळं गप्प झालं. मग आतून तसाच आवाज उठला, खालच्या घुमाराला उत्तर द्यावं तसा, आणि चढतच गेला. वहिनींच्या तळहाताखाली लाकूड गरम व्हायला लागलं. चौक यायच्या आत त्यांनी केबिनच्या काचेवर थाप मारली.

"काय झालं?" प्लंबरने विचारलं. "चाकं वाईट आहेत का?"

"तुझी चाकं उत्तम आहेत रे बाबा," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या नळांना काही त्रास नाही. माझ्या माश्यांना वाटलं कुणीतरी पोळ्यावर चालून आलं."

भाऊजी रुसले. साठी ओलांडलेला माणूस रुसला की तो फार नम्र होतो. परतताना ते वहिनींना सारखं "हो", "बरोबर", "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणत राहिले. दुकानापाशी येऊन मात्र त्यांना राहवलं नाही. "वहिनी, आवाजाचं मला कळलं. पण परत रुतलो तर? या वेळी रुतलो तर सगळं संपलं, हे तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे की."

"मग?"

"घुमणारी घेतली तर वाटेतच तापून मरतील. गुळगुळीत घेतली तर चिखलात उभ्या उभ्या मरतील. इकडे आड, तिकडे विहीर. मला तरी कुठे कळतंय, भाऊजी?" त्या स्टूलावर बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या दमलेल्या दिसल्या. "म्हणून तर तुम्हाला घेऊन आले."

टायरवाला इतका वेळ ऐकत होता. आता तो उठला आणि दुकानाच्या मागच्या अंगाला गेला. येताना त्याने एक साधी लोखंडी डिस्क आणि तिच्यावर बसेल असं एक टायर गडगडत आणलं. नक्षी ना फार खोल ना फार उथळ. चाक आधीच्यापेक्षा रुंदीला कमी, पण टायरचा गाल, म्हणजे डिस्कपासून रस्त्यापर्यंतची रबराची बाजू, चांगली उंच आणि गुबगुबीत. दिसायला असं की कुणी मान वळवून बघणार नाही.

"वजन झेलायला हे पक्कं आहे," तो म्हणाला. "डांबरावर गप्प बसतं. गाल उंच आहे म्हणून खड्डा आतल्या आत जिरवतं. लोखंडाची डिस्क दगडावर वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला चीर गेली की गेली. आणि चिखल आला ना काका, की खाली उतरायचं आणि हवा सोडायची."

"काय करायची?" भाऊजी म्हणाले.

"सोडायची. चारही चाकांतली. टायर खाली पसरतं, जाड पायाचा माणूस चालतो तसं चिखलावरून चालतं. फुगलेलं टायर चिखल कापत खाली जातं. सावकाश जायचं, आणि डांबरावर आलात की परत भरायची. पायपंप मी देतो बरोबर."

भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो म्हणाला होता, उतारावर ब्रेक काढून ठेवा. "भरलेल्या गाडीची हवा सोडायची? अहो, डेपोत हवा कमी दिसली तर माणसाला घरी पाठवायचे. मी आयुष्यात कधी हवा सोडलेली नाही. भरली आहे."

"तो डांबराचा नियम, काका. बस काय चिखलात थोडीच जाते."

चादरीतली पेटी त्या टायरवर बसवून बघायची सोय नव्हती, पण तसंच टायर असलेली एक गाडी संध्याकाळी आली, अंडी पोहोचवणाऱ्याची. वहिनी चौकापर्यंत गेल्या आणि आल्या. हौद्यातून उतरताना त्या हसत होत्या. "झोपल्यात," त्या म्हणाल्या.

ठरलं. गाडी दोन दिवस दुकानात ठेवायची होती. न्यायला भाऊजी एकटेच गेले, आणि गाडी बघून थबकले. लोखंडी डिस्का काळ्या कुळकुळीत रंगवलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कडेने बोटभर लाल पट्टा, अगदी भिंतीवरच्या त्या अलॉयला होता तसा.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"वहिनींनी," टायरवाला म्हणाला. "म्हणाल्या, माश्यांचं ऐकून झालं, आता भाऊजींचंही थोडं ऐका."

भाऊजींनी खिशातला रुमाल काढून उगाच एका चाकावरची धूळ पुसली. त्या दिवशी ते लांबच्या रस्त्याने घरी आले.

मग ती पहाट आली. आदल्या संध्याकाळी पेट्या बंद करून, दोरांनी बांधून झाल्या होत्या. वहिनी हौद्यातच बसल्या, पेट्यांच्या मधे, जाळी घालून. रस्ता चांगला गेला. दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही, न जाणो दृष्ट लागेल. उजाडता उजाडता गाडी डांबर सोडून बागेच्या वाटेला लागली, आणि भाऊजींचा पाय ब्रेकवर गेला. वाट ओली होती. बागवाल्याला बजावून सांगितलं होतं, पण रात्री पाण्याचा कुठलासा पाट फुटला होता आणि गेल्या वर्षी होतं तसंच, तिथेच, पाणी पसरलेलं होतं. दोन्ही बाजूंना वाफे, वळायला जागा नाही.

त्यांनी गाडी हळू घातली. अर्ध्या वाटेपर्यंत गेली. मग मागचं चाक जागच्या जागी फिरलं, आणि भाऊजींना ते बुडाखाली कळलं, ड्रायव्हरला कळतं तसं. पायाने आपोआप जोर दिला. चाक आणखी खाली गेलं. भाऊजींनी पाय काढला, इंजिन बंद केलं.

शांत झालं आणि मागून पेट्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

ते खाली उतरले. चिखल घोट्यापर्यंत. वहिनीही हौद्यातून उतरल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पूर्वेकडचं आभाळ उजळत होतं, आणि दूरच्या वाफ्यात कामाची माणसं यायला लागली होती. "वहिनी," भाऊजी म्हणाले. "ट्रॅक्टरला फोन करू का?"

वहिनींनी एकदा वाफ्यातल्या माणसांकडे पाहिलं, एकदा पेट्यांकडे. हवा सोडा, असं त्या म्हणू शकल्या असत्या. टायरवाल्याचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. "गाडीचं तुम्ही ठरवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी यांचं बघते." आणि त्या परत वर चढून पेट्यांवर पाणी शिंपडायला लागल्या.

भाऊजी मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. काळ्या रंगावर चिखल, लाल पट्टा अर्धा दिसत होता. त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि हातात धरून बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर भरल्या गाडीची हवा सोडायची होती, हातात फक्त एक काडी होती, आणि डोक्यात डेपोचा सगळा फलाट उभा राहून बघत होता. पेट्यांचा आवाज चढला. भाऊजींनी डोळे मिटले आणि काडी आत दाबली.

हवा सुस्कारा टाकत निघाली. त्यांना वाटलं, आपण चोरी करतोय. चाक हळूहळू पसरलं, गाल बाहेर आला. दुसरं चाक, मग पुढची दोन. अंगठ्याने दाबून बघत, इतकी नको, इतकी पुरे. आयुष्यभर जो अंगठा कमी हवेला नावं ठेवत आला होता तोच आता कमी हवा मापत होता. मग ते केबिनमध्ये चढले, पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की सोडला हे त्यांनाच कळलं नाही. गाडी जरा कण्हली. म्हातारा माणूस खुर्चीतून हात टेकत उठतो तशी उठली, आणि चालायला लागली. चाकं फिरली नाहीत, घसरली नाहीत. चिखलावरून गाडी सरळ पलीकडे गेली. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांना ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बागेत पेट्या उतरवल्या तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांना लागलं होतं. वहिनींनी प्रत्येक पेटीला कान लावला, मगच तिची जाळी काढली. एकेक करून सगळ्या. माश्या दारात आल्या, थोड्या घुटमळल्या आणि फुलांकडे गेल्या. शेवटची जाळी काढून वहिनी सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या आहेत." त्यांनी बुरखा वर केला. त्याही रडत होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

भाऊजी बांधावर बसले होते, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. "वहिनी," ते म्हणाले, "गेल्या वर्षी हवा सोडली असती तर त्या वाचल्या असत्या."

"वाचल्या असत्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, आणि म्हणून भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "पण गेल्या वर्षी आपल्याला माहीत नव्हतं, भाऊजी. तुम्हाला नव्हतं आणि मलाही नव्हतं. उठा, पाय धुवा."

परतताना वाट थोडी निथळली होती. डांबराला लागल्यावर भाऊजींनी गाडी कडेला घेतली, पायपंप काढला आणि पहिल्या चाकाशी उभे राहून हवा भरायला लागले. वहिनी सावलीला रिकाम्या हौद्याच्या फळीवर बसल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगी होती. पोहोचल्या का, हे विचारायलाही तिला धीर होत नव्हता. तिने आधी भलतंच काढलं. गाडीला एक गिऱ्हाईक आहे, ओळखीतलं आहे, संध्याकाळी बघायला येऊ म्हणतंय, काय सांगू?

"पोहोचल्या," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या पोहोचल्या." पलीकडून मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "आणि गाडीचं मला काय विचारतेस? गाडी काकांची आहे. थांब, त्यांना देते."

त्यांनी फोन पुढे केला. भाऊजींचा पंपावरचा पाय वरच्या वर राहिला. वर्षानुवर्षं ते जगाला सांगत आले होते, वहिनींची आहे हो, मी आपला चालवतो. ते वाक्य आताही ओठावर आलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी फोन घेतला नाही. पाय खाली दाबला.

"तिला म्हणावं, संध्याकाळी कुणाला पाठवू नकोस," ते म्हणाले. "आणि आत्ता मला वेळ नाही. हवा भरतोय."